विचारायचं काय, हे कोण शिकवणार?

"मावशी, व्हिसेराचा अहवाल निगेटिव्ह आला म्हणजे विष नव्हतंच ना?"

गेल्या महिन्यात एका रविवारी सीबीडी बेलापूरला, आर्टिस्ट व्हिलेजमध्ये बहिणीकडे जेवायला गेले होते. पहिला घास घेते तोच भाचीने हा प्रश्न टाकला. ती बी.कॉम. झाल्यावर तीन वर्षांचं एलएल.बी. करते आहे, आता दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात एका जुन्या खटल्यावर बोलायचं होतं म्हणून ती निकालपत्र वाचत होती. बहीण म्हणाली, "अगं, तिला जेवू तरी दे." मी "नाही, तसं नसतं" एवढंच म्हटलं आणि गप्प झाले. कारण हाच प्रश्न साधारण चौदा वर्षांपूर्वी मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात विचारला गेला होता, आणि तिथे मला नीट उत्तर देता आलं नव्हतं.

तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात, एका सरकारी रुग्णालयात होते. रात्री बावीस-तेवीस वर्षांच्या एका विवाहितेला आणलं गेलं. तोंडाला फेस, घामाने चिंब अंग, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, कातडीखाली थरथरणारे स्नायू आणि कपड्यांना फवारणीच्या औषधाचा उग्र दर्प. सरकारी दवाखान्यात काम केलेल्या कुणालाही हे चित्र ओळखायला पुस्तक लागत नाही. ऑरगॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाची ती विषबाधा होती. पोट धुतलं, अॅट्रोपिन सुरू केलं, कृत्रिम श्वासावर ठेवलं. आठव्या दिवशी ती गेली. शवविच्छेदन झालं, व्हिसेरा म्हणजे जठर, आतडं, यकृत, मूत्रपिंड यांचे नमुने रासायनिक तपासणीला गेले. काही महिन्यांनी अहवाल आला: विष आढळले नाही.

त्यानंतर काही वर्षांनी समन्स आलं. बचाव पक्षाच्या वकिलांनी विचारलं, "अहवालात विष आढळलेलं नाही, बरोबर?" मी म्हटलं, "बरोबर." "म्हणजे विषबाधा हे तुमचं मत केवळ लक्षणांवरून होतं?" मी "नाही, रक्ताच्या तपासणीत..." असं सुरू केलं, तर "विचारलं तेवढंच सांगा." आता सरकारी वकिलांच्या हातात एक संधी होती. उलटतपासणीत राहिलेला धागा फेरतपासणीत उचलता येतो. त्यांनी फाइल चाळली आणि म्हणाले, "फेरतपासणी नाही."

त्याच फाइलमध्ये, केसपेपरला डकवलेल्या एका पातळ चिठ्ठीवर, तिच्या रक्तातल्या कोलिनएस्टरेजचा आकडा होता. तो अगदी खाली गेलेला होता. हे विष शरीरात शिरलं की मज्जातंतूंचा संदेश वेळेवर थांबवणारं हे विकर निकामी करतं, म्हणून तर स्नायू थरथरतात आणि श्वास बंद पडतो. पोट धुतलेलं, उपचार चाललेले, मध्ये आठ दिवस गेलेले. एवढ्या काळात शरीर विषाचं विघटन करून ते बाहेर टाकू शकतं. विकर मात्र काही आठवडे कमीच राहतं. चोर पळून जातो, फुटलेलं कुलूप मागे राहतं, तसं. व्हिसेऱ्यात चोर सापडला नव्हता. फुटलेलं कुलूप मात्र फाइलमध्येच होतं.

ते सरकारी वकील आळशी नव्हते. त्या दिवशी त्यांच्यासमोर आणखी कितीतरी प्रकरणांचे गठ्ठे होते. त्या चिठ्ठीवरच्या शब्दाचा अर्थ त्यांना कुणी कधी सांगितलाच नव्हता. आणि मीही साक्षीआधी त्यांना गाठून सांगितलं नव्हतं, हेही खरं.

बाहेर व्हरांड्यात त्या मुलीची आई उभी होती. म्हणाली, "डॉक्टरीणबाई, तिच्या पोटात औषध गेलं होतं, तुम्हीच सांगितलं होतं ना? मग आत 'नव्हतं' असं का म्हणाले?" आपल्याकडे खेड्यात कीटकनाशकालाही औषधच म्हणतात. तिने ते घेतलं की तिला पाजलं, हा न्यायालयाचा प्रश्न होता. पण ते गेलं होतं, एवढं मला ठाऊक होतं आणि तेवढंसुद्धा मला न्यायालयापर्यंत पोहोचवता आलं नाही. त्या खटल्याचा निकाल काय लागला, हे विचारायचं धाडस मला पुढे झालं नाही.

जेवण झाल्यावर हे सगळं भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "मग मी एलएल.बी. करता करताच न्यायवैद्यकाचा एखादा सर्टिफिकेट कोर्स करते." आठवडाभराने तिचा फोन आला. कॉलेजच्या ऑफिसात उत्तर मिळालं होतं, "करता येत नाही." कारकुनाची चूक नव्हती. नियमच तसा आहे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदे शिक्षण नियमावलीतला सहावा नियम सांगतो की, कायद्याच्या पदवीला नाव घातलेल्या विद्यार्थ्याला त्याच वेळी दुसऱ्या कोणत्याही पदवी, पदव्युत्तर किंवा प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला प्रवेश घेता येणार नाही. अपवाद दोन. भाषा किंवा संगणकाचा अल्पमुदतीचा अर्धवेळ कोर्स चालेल आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा कोणताही कोर्स चालेल. म्हणजे माझी भाची फ्रेंच शिकू शकते, संगणक शिकू शकते. न्यायवैद्यकही शिकू शकते, पण घरबसल्या, टपालाने आलेल्या पुस्तकांतून. प्रयोगशाळेत उभं राहून शिकायचं म्हटलं की नियम आड येतो. पोहायला शिका, पण पाण्यात उतरू नका, असाच हा प्रकार झाला.

आता आमच्याकडे पाहा. डॉक्टर व्हायचं तर न्यायवैद्यकशास्त्र हा विषय सक्तीचा आहे. आमच्या वेळी तो दुसऱ्या एम.बी.बी.एस.ला होता. शवागारात उभं राहून शवविच्छेदनं पाहिली, जखमांचे प्रकार पाठ केले. त्यासोबत दंडसंहितेतली कलमं, समन्स, शपथ, संमतीचे नियम, मृत्युपूर्व जबाब हेही शिकलो. परीक्षेत त्यावर प्रश्न येतात आणि नापास झालं तर पुढे जाता येत नाही. म्हणजे प्रत्येक डॉक्टरला थोडा कायदा शिकावाच लागतो. प्रत्येक वकिलाला थोडं शरीर शिकावं लागत नाही. बार कौन्सिलच्या ऐच्छिक विषयांच्या यादीत न्यायसहायक विज्ञान आहे, गुन्हेगारी मानसशास्त्र आहे, आरोग्य कायदाही आहे. पण ते ऐच्छिक आहेत, आणि त्यांतले कोणते शिकवायचे हे शिक्षण देणारी संस्था ठरवते. शिकवलेच, तर बहुतेकदा वर्गात फळ्यावर.

"वकिलाने डॉक्टर कशाला व्हायचं? त्यासाठी तज्ज्ञ साक्षीदार असतोच की." हा आक्षेप मी वकील मित्रांकडून अनेकदा ऐकला आहे. त्यात तथ्य आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ३९ व्या कलमाने तज्ज्ञाचं मत ग्राह्य धरलं आहे. पण तज्ज्ञ हा विहिरीसारखा आहे. पोहरा सोडल्याशिवाय पाणी वर येत नाही, आणि पोहरा सोडायचं काम वकिलाचं. वकिलाने उपचार करावेत असं कुणीच म्हणत नाही. त्याला काय विचारायचं ते कळावं, एवढीच मागणी आहे.

याची काही साधी उदाहरणं घ्या. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे. रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसली होती का? नमुन्यात फ्लोराइडसारखं परिरक्षक घातलं होतं का? हे दोन प्रश्न प्रत्येक वकिलाला विचारता यायला हवेत. मधुमेही चालकाची साखर एकदम खाली गेली तर तो अडखळतो, बरळतो, कधी अंगावरही येतो. साखर फार वाढून शरीरात किटोन साचले तर श्वासाला वेगळाच गोडसर वास येतो. "दारूच्या नशेत होता" असं लिहिलेल्या कागदामागे कधीकधी एक आजारी माणूस असू शकतो. त्याला वाचवायला ग्लुकोमीटरची नोंद शोधणारा वकील लागतो.

दुसरं उदाहरण वयाचं. आरोपी अल्पवयीन आहे की नाही, यावर त्याचं सगळं आयुष्य ठरतं. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ९४ व्या कलमात क्रम दिला आहे: आधी शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला, तो नसेल तर जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. ती तपासणी वय सांगते म्हणजे अंदाज सांगते. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच जयमाला खटल्यात म्हटलं आहे की त्यात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक असू शकते. एक्स-रेवरचा आकडा जन्मतारखेसारखा वाचणारा वकील आपल्याच अशिलाचं नुकसान करून बसतो.

तिसरं उदाहरण जळालेल्या रुग्णांचं. जबाब घेण्याआधी आम्ही कागदावर लिहितो, "रुग्ण शुद्धीवर आहे." पण शुद्धीवर असणं आणि जबाब देण्याच्या मनःस्थितीत असणं एकच का? या फरकावरून खटले उलटसुलट झाले. अखेर लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की, जबाब नोंदवणाऱ्याची रुग्णाच्या मनःस्थितीबद्दल खात्री पटली असेल, तर केवळ डॉक्टरचं प्रमाणपत्र नाही म्हणून जबाब बाद होत नाही. हा वाद मुळात वैद्यकीय आहे. जळीत कक्षात एक रात्र काढलेल्या वकिलाला तो चटकन कळेल.

आणि आता तर कायद्यानेच विज्ञानाला घरात घेतलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६ व्या कलमाने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणं आवश्यक केलं आहे. अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. त्याच दिवसापासून न्याय संहितेत गंभीर दुखापतीच्या व्याख्येतला वीस दिवसांचा निकष पंधरा दिवसांवर आला. आम्ही कॅज्युअल्टीत बसून जे प्रमाणपत्र लिहितो, त्यातल्या एका ओळीवर आता शिक्षा बदलू शकते. ती ओळ तपासून पाहणारी नजर दोन्ही बाजूंच्या वकिलांकडे नको का?

हे फक्त वैद्यकाबद्दल आहे असंही नाही. बेलापूरचंच बघा. हे नगर कागदांवर चालतं. कोकण भवन, सिडको भवन, पोलीस आयुक्तालय, महापालिकेचं मुख्यालय, रिझर्व्ह बँकेचं कार्यालय, न्यायालय, सगळं एका रिक्षाच्या अंतरात. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचं भांडण घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या नातवाला मोजणीचा नकाशा वाचणारा वकील हवा. पतपेढीत पैसे अडकलेल्याला ताळेबंद वाचणारा हवा, आणि खाडीकिनाऱ्यावरच्या मच्छीमाराला भरतीची रेषा म्हणजे काय हे जाणणारा. यातलं कोणतंही ज्ञान कायद्याच्या पुस्तकात पूर्ण सापडत नाही. ते शेजारच्या विभागात असतं.

अमेरिकेत अनेक लॉ स्कूल विद्यार्थ्याला त्याच विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य, व्यवस्थापन किंवा इतर विभागांतले काही वर्ग करू देतात आणि ठरावीक मर्यादेपर्यंत ते कायद्याच्या पदवीत धरतात. पण आपल्याला एवढं लांब जायचीही गरज नाही. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे १९३५ मध्ये प्राचार्य झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची तयारी आठवा. ग्रेज इनमधून बॅरिस्टर होण्याआधी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र यांचे वर्ग केले. जातिसंस्थेवरचा त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध मे १९१६ मध्ये वाचला गेला, तोही मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात. पुढे १९२८ मध्ये गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने ते मुंबई विधिमंडळात बोलले. कायदा माणसाच्या शरीरापर्यंत आणि पोटापर्यंत पोहोचतो, हे त्यांना वेगळं शिकवावं लागलं नव्हतं.

सहाव्या नियमामागे काहीच विचार नाही, असं मी म्हणणार नाही. कायद्याची पदवी ही दुसरं काहीतरी करता करता उरकण्याची गोष्ट आहे, असा एक काळ होता आणि तो पूर्ण सरलेला नाही. वर्गात न जाता दोन-दोन पदव्या मिळवणारे सगळ्यांनी पाहिले आहेत. म्हणूनच ७० टक्के उपस्थितीची अट आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एका वेळी दोन पूर्णवेळ पदव्यांना परवानगी दिली, तरी वैधानिक परिषदांचे नियम त्यात कायम ठेवले. बार कौन्सिलची काळजी मला समजते. पण दार वाऱ्याने आपटतं म्हणून कुणी भिंत बांधत नाही, कडी लावतो.

शिवाय नियम सैल करून प्रत्येकाने बाहेर जाऊन हवा तो कोर्स विकत घ्यावा, हेही मला नको आहे. तसं झालं तर ज्याच्या घरी पैसा आहे तो चार प्रमाणपत्रं लावील, आणि दिवसा नोकरी करून शिकणारी माझ्या भाचीसारखी मुलगी मागेच राहील. हे शिक्षण पदवीच्या आत हवं, तिच्या फीमध्ये हवं आणि तिच्या गुणांत धरलं जायला हवं.

मला दोन गोष्टी सुचतात. पहिली: कायद्याच्या विद्यार्थ्याला एक किंवा दोन ऐच्छिक पेपर त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या विभागात, तिथल्या शिक्षकांकडून शिकता यावेत आणि ते पदवीत मोजले जावेत. वेगळा प्रवेश नाही, दुसरी पदवी नाही, म्हणजे सहाव्या नियमाची भीतीही नाही. मुंबई विद्यापीठाशी कायद्याची महाविद्यालयंही संलग्न आहेत आणि विज्ञानाची, वाणिज्याचीही. मुंबईत शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. वैद्यकीय महाविद्यालयं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत, तिथे दोन विद्यापीठांना एक करार करावा लागेल. तो काही अशक्य नाही.

दुसरी गोष्ट तर आजच्या नियमांतही बसू शकते. बार कौन्सिल तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवड्यांची आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवड्यांची इंटर्नशिप मागते. ती वकिलांकडे, न्यायालयात, कंपन्यांत करता येते, तशीच स्थानिक स्वराज्य संस्थांतही. महापालिकेची रुग्णालयं हा स्थानिक स्वराज्य संस्थेचाच भाग आहे. त्या आठवड्यांतले दोन तिथे द्या. विद्यार्थ्याने कॅज्युअल्टीच्या टेबलाशेजारी बसावं, पोलिसी प्रकरणाची नोंद कशी होते, नमुना कसा बंद करतात, लाखेचं सील कुठे लागतं, ताबा कुणाकडून कुणाकडे जातो, ते पाहावं. अभिलेख कक्षात जुना केसपेपर वाचून दाखवावा. शक्य असेल तिथे एक शवविच्छेदन पाहावं. रुग्ण हा प्रदर्शनातली वस्तू नाही, म्हणून त्याची संमती, नावांची गुप्तता आणि डॉक्टरांची देखरेख या अटी आधी, बाकी सगळं नंतर. आमच्यावर कामाचा भार वाढेल, हेही खरं. पण साक्षीसाठी तीन-तीन हेलपाटे घालण्यात जो दिवस जातो, त्याहून हे स्वस्त पडेल.

आणि डॉक्टरांनीही आपल्या पदराखालचं पाहावं. आमचं अक्षर, आमची संक्षेपांची भाषा, साक्ष म्हणजे झंझट ही आमची वृत्ती, यामुळेही पुरावा मुका राहतो. कायदा आम्ही शिकलो तोही बऱ्याचदा परीक्षेपुरता. सर्वोच्च न्यायालयाला ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी पुन्हा एकदा सांगावं लागलं की बलात्कारपीडितेची टू-फिंगर चाचणी करणं हे गैरवर्तन आहे आणि ती वैद्यकीय अभ्यासक्रमातूनही काढली पाहिजे. चाचणी करणारे आम्ही डॉक्टर होतो. या चाचणीला वैज्ञानिक आधार काय, हे प्रत्येक न्यायालयात कुणीतरी ठामपणे विचारलं असतं, तर कितीतरी मुलींचा अपमान टळला असता.

गेल्या रविवारी भाची आमच्याकडे आली होती. मी त्या जुन्या साक्षीतले प्रश्न आठवतील तसे कागदावर उतरवले आणि तिला म्हटलं, तू सरकारी वकील आहेस, फेरतपासणी कर. पाच मिनिटं ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टर, मृत्यूपूर्वी रुग्णाच्या रक्ताची काही तपासणी झाली होती का? तिचा निष्कर्ष काय होता?"

एवढेच दोन प्रश्न होते. ते शिकायला तिला एक रविवार लागला. सगळ्याच विद्यार्थ्यांना डॉक्टर मावशी नसते, म्हणून ही सोय अभ्यासक्रमातच असायला हवी.